गोंडी शब्द पाठ टाचणाच्या कुठल्या रकान्यात लिहू?

पेंचकाठची (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरातच. पुढच्या सोमवारी आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचा सराव, सुरू होतेय आणि मला रामटेक तालुक्यातली एक आश्रमशाळा मिळाली आहे. मैत्रिणींना शहरातल्या शाळा मिळाल्या, त्या माझ्याकडे बघून चुकचुकल्या. खरं म्हणजे मी ती मागून घेतली.

आम्ही गोंड. आजोळ देवलापारकडचं. बाबा कारखान्यात लागले म्हणून मी वाढले नागपूरजवळच्या वाडीत. शाळा मराठी, गल्लीत हिंदी. गोंडी फक्त आजी बोलते. मला समजते, पण बोलायला गेले की तोंडातल्या तोंडात अडकते. आजी हसते आणि मराठीत उत्तर देऊन मोकळी होते.

तर झालं असं. पहिलीच्या गणिताचं टाचण (पाठ कसा घ्यायचा त्याची लेखी आखणी) काढलं होतं, १ ते ५ अंकांची ओळख. त्यात लिहिलं, 'मुलांना घरच्या भाषेत मोजायला सांगेन: उंदी, रंड, मूंद, नालुंग, सयुंग.' वही परत आली तेव्हा त्या ओळीभोवती लाल गोल आणि बाजूला 'हे कुठल्या रकान्यात?' सर रागावले नव्हते, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, मूल्यमापन, स्वाध्याय, सगळ्याला रकाना आहे. पोराच्या भाषेला नाही.

माझे प्रश्न: अर्धवट गोंडी येत असताना वर्गात वापरावी का? आदिवासी मुलांना शिकवण्यासाठीच असं काही वेगळं प्रशिक्षण कुठे मिळतं का? आणि पुढे नोकरीत याचा काही उपयोग होतो, की ही नुसती हौस?

झिरोमाईल (रात्री १०:०५)

नोकरीचं आधी सांगून टाकतो, भाषेवर इथे चार पानं होणारच आहेत.

डी.एल.एड. करतेयस हे उत्तम. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकच्या वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही असं सांगितलं, त्यामुळे पहिली ते पाचवीला तुमचीच पदविका लागते. मग टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर १. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. त्यानंतर टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. (टीईटी आणि टेट वेगळ्या, निम्मी पोरं इथेच गडबडतात.) टेटला २०० प्रश्न दोन तासांत, संगणकावर. ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली, म्हणजे निघेल तेव्हा तयार असावं लागतं. मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. लागलीस की तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना १६ हजार.

शासकीय आश्रमशाळांची भरती आदिवासी विकास विभाग करतो, ती झेडपीपेक्षा वेगळी. त्यांचं अपर आयुक्त कार्यालय नागपुरातच आहे, जाहिरातींवर लक्ष ठेव.

गोंडीचा उपयोग? टीईटीला भाषा निवडायच्या यादीत उर्दू आहे, तेलुगू आहे, सिंधी आहे. गोंडी नाही. गुणांच्या हिशेबात शून्य.

खामल्याचा_खविस (रात्री १०:२०)

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नको ताई. मायबाप पोट्ट्यांले शाळेत टाकते कायले? मराठी याव, इंग्रजी याव म्हणून. गोंडी तं घरी हायेच ना. शाळेतबी गोंडी, घरीबी गोंडी, मंग पोट्टं बुटीबोरीत कामाले लागीन तवा सुपरवायझर संग काय बोलन?

धारणीचे_गुरुजी (मंगळवार, सकाळी ६:५०)

खविसभाऊ, तुमचाच प्रश्न घेऊन मी १९८९ साली मेळघाटात रुजू झालो होतो. आता निवृत्त होऊन मानेवाड्यात राहतो, पहाटे उठायची सवय गेली नाही.

माझ्या वर्गात सगळी कोरकू मुलं. कोरकू ही मराठीची बोली नाही बरं का, ती मुंडा कुळातली, तिकडे झारखंडच्या संताळी-मुंडारीची नातेवाईक. पाणी म्हणजे 'डा'. एक, दोन म्हणजे 'मिया, बारी'. मी पहिले सहा महिने पोरांना 'मंद' समजत होतो. शेरे तसेच लिहिले, ते आठवलं की आजही बरं वाटत नाही. मग एक दिवस शाळेत खिचडी करणारी बाई तिच्याच पोराला काहीतरी विचारत होती आणि ते पोर झाडाखाली बसून घडाघडा हिशेब सांगत होतं. डिंक किती किलो, दुकानदाराने किती दिले, किती बुडवले. वर्गात त्याच पोराला मी 'अप्रगत' लिहिलं होतं.

त्या बाईला मी गुरू केलं. रोज पाच शब्द. पेंचकाठची, तुला एकच कानमंत्र देतो. वस्तूंची नावं गोळा करत बसू नकोस. चित्राचा तक्ता लावला की 'झाड', 'गाय', 'घर' हे पोरं दोन दिवसांत मराठीत शिकतात. ती अडतात दुसऱ्याच शब्दांपाशी: किती, कशाने, आधी, नंतर, उरलं, पेक्षा, म्हणून. प्रश्न ज्या शब्दांनी बनतो ते शब्द आधी त्यांच्या भाषेत मिळव.

आणि भाऊ, मराठी लवकर यावी म्हणूनच हे करायचं. पोहायला शिकवताना आधी पाय टेकतील एवढ्या पाण्यात उतरवतात ना?

सिरोंचा_एक्सप्रेस (सकाळी ८:१५)

अवांतर. रंड, मूंद, नालुंग वाचून आमच्या घरी सगळे हसले. तेलुगूत रेंडू, मूडू, नालुगू. गोंडी द्रविडी कुळातली, आमची मावसबहीणच. नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलं आणि आज जुन्या नागपुरातल्या महाल भागात उंदी-रंड मोजणारं कोणी सापडत नाही. चालू द्या.

अनुराधा_ज (दुपारी २:३०)

मी एका अध्यापक विद्यालयात शिकवते, तुझ्या नव्हे. लाल गोल मीही काढले असते कदाचित.

तू रकान्यांची यादी दिलीस त्यात एक विसरलीस, 'पूर्वज्ञान'. तिथे आपण सगळेच झोपेत 'विद्यार्थ्यांना अंकांची तोंडओळख आहे' असं लिहितो आणि पुढे जातो. तुझी ओळ तिथे जाते. मुलाला पाचपर्यंत मोजता येतं, गोंडीत येतं, हेच त्याचं पूर्वज्ञान. परीक्षकाने विचारलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांग. अध्यापन शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं असं त्यात लिहिलंय. 'शक्य तितकं' या दोन शब्दांत सगळं बुडतं हा भाग वेगळा.

आमच्या अभ्यासक्रमात जिम कमिन्स शिकवतो. गप्पांपुरती भाषा मुलाला दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे त्यांनी कॅनडात स्थलांतरितांच्या मुलांबद्दल मांडलं. पोरी परीक्षेत अचूक लिहितात. गुरुजींच्या खिचडीवाल्या बाईचं पोर म्हणजे तेच, हे मात्र कोणी जोडून देत नाही.

वेगळ्या प्रशिक्षणाचं विचारलंस. कॅनडातच ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९७४ पासून नायटेप नावाचा कार्यक्रम आहे, तिथल्या मूलनिवासी समाजातून शिक्षक घडवण्यासाठी. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की सुरुवातीची वर्षं मुलांना व्हँकूवरला ओढत नाहीत, त्यांच्या वस्तीजवळच्या केंद्रात शिकवतात. आपल्याकडे उलट. देवलापारची मुलगी नागपुरात येऊन दोन वर्षं खोली करून राहते आणि 'परिसर अभ्यास' कसा शिकवायचा ते शिकते. आपल्या पदविकेत आदिवासी मुलांच्या शिक्षणाबद्दल माहिती आहे, त्यांच्या भाषेत शिकवण्याचा सराव नाही. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासूनची, तिचं बोलीभाषांवरचं साहित्य नक्की बघ.

कोया_पोरगा (दुपारी ४:१०)

जय सेवा. मॅडम, तुमचा मान ठेवून बोलतो. 'पूर्वज्ञान' म्हणजे मराठी येईपर्यंतची पायरी. पायरी चढली की मागे टाकायची, हेच ना?

मी गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडचा, पहिली ते दहावी आश्रमशाळेत. गोंडीत बोललं की दंड नव्हता, पण सर 'माणसात बोला' म्हणायचे. चौथीपर्यंत मी सुट्टीत घरी गेल्यावरही आईशी मराठीत बोलायचा प्रयत्न करत होतो. तिला वाटायचं पोरगा रागावलाय.

धानोरा तालुक्यातच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, गोटुलच्या, म्हणजे आमच्या पारंपरिक युवागृहाच्या, नावाने. तिला मान्यता नाही म्हणून नोटीस आली आणि प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर लोकांनी गोंडी मातृभाषा सांगितली. राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, तरी ती नाहीच. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी केली, तेलंगणातल्या गुंजाळा गावची जुनी लिपी सापडली, दोन्ही युनिकोडमध्ये (संगणक-मोबाईलवरच्या अक्षरांचं प्रमाण) आल्या. मोबाईलला गोंडी चालते, शाळेला नाही.

ताई, तू शिकव. पण १ ते ५ वर थांबू नको. आमच्यात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असतात, म्हणजे देव किती त्यावरून कुळांचे गट. सोयरिक कुणात होते, कुणात नाही, हे पोराला शाळेआधी माहीत असतं. तो गणिताचाच धडा आहे. गट पाडणं, वर्गीकरण. हे टाचणात घे, मग रकान्याचं बघू.

अनुराधा_ज (संध्याकाळी ५:००)

टोचलं, आणि बरोबर आहे. ओडिशा २००७ च्या आसपासपासून बहुभाषिक शिक्षण राबवतंय, आज २१ आदिवासी भाषांत. तिथेही वरच्या वर्गांत गेलं की ओडिया-इंग्रजीच. पायरीचा आक्षेप तिथेही घेतात. पण ही मुलगी सोमवारी वर्गात उभी राहणार आहे, तिला धोरण बदलेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून मी रकाना शोधून दिला.

देव्यांच्या गटांबद्दल एक सावधगिरी. वर्गात सगळी गोंड मुलं नसतात. हलबा असतील, गोवारी असतील. कुणाला 'तुझे देव किती' विचारून गप्प करायचं नाही.

उमरेडरोड (रात्री ९:३०)

मी बाप म्हणून लिहितो. आम्हीपण गोंड. मुलीचा नंबर आदिवासी विकासच्या नामांकित शाळा योजनेत लागला, इंग्रजी निवासी शाळा, फी शासन भरतं. पाचवीत आहे, फाडफाड बोलते. मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. मला कुणी 'भाषा वाचवा' म्हटलं की राग येतो, कारण म्हणणाऱ्याची पोरं कॉन्व्हेंटमध्ये असतात.

पण दिवाळीत आई म्हणाली, नात आली, जेवली, टीव्ही पाहिला, गेली. दोघींना एकमेकींचं कळतच नाही. मी मधे बसून दुभाष्या. माझ्याकडे याला उत्तर नाही. पेंचकाठची, तू शिकव बाई. माझ्या पोरीच्या शाळेत मात्र तू लागणार नाहीस, तिथे गोंडीवाली कोण घेणार?

झिरोमाईल (रात्री १०:१५)

पेसाबद्दल (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) दोघांनी मेसेज करून विचारलं, इथेच लिहितो. नागपूर जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या (आदिवासीबहुल) क्षेत्रात येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीचे भाग येतात. तिथली पेसाची पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी, वाडीत वाढलेलीला 'स्थानिक' दाखवणं अवघड. शिवाय आंध्रने अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांची शंभर टक्के पदं आदिवासींना दिली होती, ते सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २०२० मध्ये रद्द केलं. तेव्हापासून आपल्याकडच्या भरतीवरही कोर्टकचेऱ्या सुरू आहेत. त्यावर आयुष्य टांगू नका, टीईटीचा अभ्यास करा.

पेंचकाठची (सहा आठवड्यांनी, रविवार)

आले परत. मोबाईलला रेंज शाळेच्या गेटपाशीच, तेही एका पायावर उभं राहिलं तर. म्हणून उशीर.

दुसरीचा वर्ग मिळाला, पट २६. गोंडी घरी बोलणारी नऊ. बाकीची मराठी किंवा सीमेपलीकडची हिंदी, आणि ती नऊसुद्धा पाण्याला 'पानी' म्हणतात. मी आजीकडून 'एर' पाठ करून गेले होते. 'एर' म्हटलं तर एक जण म्हणाला, 'मॅडम, आमची आजीपण असंच बोलते.' म्हणजे मी सात वर्षांच्या पोरांसमोर म्हातारी ठरले.

गुरुजी, तुमचं खरं निघालं, जरा वेगळ्या तऱ्हेने. वजाबाकी घेत होते. मोहफुलं घेऊन गेले होते. आठ मांडली, तीन उचलून मुठीत घेतली, विचारलं 'किती उरली?' एक मुलगी, तिला मी बिजली म्हणते, हे तिचं नाव नाही, माझ्या मुठीकडे बोट दाखवून म्हणाली 'तीन'. पुन्हा विचारलं, पुन्हा 'तीन'. तीन वेळा. मी मनात 'अप्रगत' लिहिलंच होतं. मग सुचलं की तिला 'उरली' म्हणजे 'उचलली' वाटतंय. 'उ'ने सुरू होणारं काहीतरी, आणि मॅडमने केलं तर ते एकच.

दुपारी गेटपाशी जाऊन आजीला फोन केला, 'किती राहिलं' कसं विचारायचं? तिने सांगितलं ते हातावर लिहून आणलं. दुसऱ्या दिवशी तसं विचारलं तर बिजली खो खो हसली आणि माझं वाक्य दुरुस्त करून दिलं. क्रियापदाचा शेवट चुकला होता. मोहफुलं निर्जीव, मी माणसांचं रूप लावलं होतं म्हणे. मग म्हणाली 'पाच'. मग स्वतःच फुलं उचलून शेजारच्या पोराला गोंडीत विचारायला लागली. तो हलबा. त्याला काही कळेना, तो रडकुंडीला आला. अनुराधा मॅडम, तुमची सावधगिरी मला तेव्हा आठवली, आधी नाही. त्याला सांगितलं, तू आमचा मराठीचा मास्तर, 'उरली' हा शब्द बिजलीला तू शिकव. त्याने फुलं खाऊन शिकवला. तीन खाल्ली, पाच उरली. यापेक्षा चांगलं शैक्षणिक साहित्य मला सुचलं नसतं.

कोया_पोरगा दादा, देव्यांचा पाठ घेतला नाही. मुख्याध्यापकांना विचारलं होतं, ते म्हणाले 'धार्मिक वाटेल, नको'. भांडले नाही. पाच आठवड्यांची पाहुणी होते. याची खंत आहे.

खविसभाऊ, तुमचाच प्रश्न एका वडिलांनी येऊन विचारला. 'मॅडम, गोंडी आमी शिकवतो, तुमी मराठी शिकवा.' मी 'उरली'ची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'मलेबी तिसरीत असंच झालतं. मी शाळाच सोडली.'

आता रकाना. 'पूर्वज्ञान' छापील वहीत जेमतेम अर्धा इंच. त्यात दोन्ही भाषांचं मावेना, म्हणून कागदाची पट्टी चिकटवली, बाहेर लोंबते. आमच्या सरांनी भेटीला आले तेव्हा ती उलटून पाहिली, गोल काढला नाही. एवढंच विचारलं, 'हा शब्द वाचायचा कसा?' आणि दोनदा म्हणून पाहिला.

वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येणार आहेत. पट्टी ठेवू की काढू?

धारणीचे_गुरुजी (रात्री ८:००)

ठेव. आणि ते प्रश्नांचे शब्द एका कागदावर लिहून इथे टाक, आजीचा आणि बिजलीचा उच्चार दोन्ही. माझी कोरकूची वही आहे, तिच्याशेजारी ठेवतो.

कोया_पोरगा (रात्री ८:२५)

खंत करू नको ताई. पुढची शाळा तुझी असेल तेव्हा घे. माणसांचं रूप आणि वस्तूंचं रूप वेगळं, हे मलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं, मी नुसतं बोलत आलो. माझ्या आईला आता विचारतो.

खामल्याचा_खविस (रात्री ९:०५)

ठेव पट्टी. लोंबू दे बाहीर. परीक्षकाले दिसली पायजे. आन ते सयुंगच्या पुढचं सांग बाप्पा, मी दीड महिन्यापासून पाचवरच अडकून हावो.

पेंचकाठची (रात्री ९:१२)

सारुंग, येरुंग. आठचं उद्या सांगते. आजीचं आणि पोरांचं वेगळं निघालंय, भांडण मिटलं नाही अजून.